बांधलेला माणूस आणि पिस्तूलवाला जनरल: त्या फोटोतल्या पोलीसप्रमुखाची गोष्ट, सोप्या भाषेत

फेब्रुवारी लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. व्हिएतनाम युद्धातला, १९६८ चा, ब्लॅक अँड व्हाइट. मागे मोकळा रस्ता, पुढे आपल्याकडे अर्धवट पाठ करून उभा असलेला किडकिडीत माणूस, बाह्या दुमडलेल्या, हाताच्या शिरा ताणलेल्या, हातात छोटंसं रिव्हॉल्व्हर. आणि नळीपासून जेमतेम वीतभर अंतरावर चौकड्याच्या शर्टातला दुसरा माणूस, हात मागे बांधलेले, डोळा मिटलेला, तोंड वाकडं झालेलं. खाली मजकूर ठरलेला असतो: या फोटोमागचं सत्य जगापासून लपवलं गेलं, ज्याला गोळी घातली त्याने एक अख्खं कुटुंब कापून काढलं होतं, मीडियाने मात्र जनरलला व्हिलन केलं, वाचा आणि विचार करा, आणि मग हात जोडलेले तीन इमोजी.

या वर्षी तो मामाने टाकला. आमची एक मावसबहीण एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने लगेच लिहिलं, "मामा, माणूस बांधलेला आहे. याला खून म्हणतात." झालं, ऐंशी-नव्वद मेसेज पडले, मध्येच कुणीतरी नेपाम बॉम्बमध्ये भाजून पळणाऱ्या मुलीचा फोटो टाकला आणि हा तोच फोटो ना म्हणाला. नाही, तो वेगळा, तो जून १९७२ चा. तो फोटो नेमका कुणी काढला यावरून २०२५ मध्ये वाद झाला आणि त्यामुळे व्हिएतनामचे सगळेच जुने फोटो परत फिरायला लागले, त्यातून हा गोंधळ. म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच टाकू, की हा पिस्तूलवाला, म्हणजे दक्षिण व्हिएतनामचा पोलीसप्रमुख लोआन, कोण, कुठून आला, त्या दिवशी काय झालं आणि मामा बरोबर की बहीण बरोबर.

आधी युद्ध कसलं ते दोन मिनिटांत

व्हिएतनामवर फ्रेंचांचं राज्य होतं. ते १९५४ मध्ये हरले आणि जिनिव्हात तह होऊन देशाची तात्पुरती फाळणी झाली, उत्तरेत कम्युनिस्ट, दक्षिणेत कम्युनिस्टविरोधी सरकार. (त्या तहावर देखरेख करायला जी आंतरराष्ट्रीय समिती होती तिचा अध्यक्ष भारत होता, हे आपल्याकडे कुणाच्या लक्षात नसतं.) तात्पुरती म्हणून केलेली ती रेघ काही पुसली गेली नाही. दक्षिणेतल्या सरकारविरुद्ध गावागावांतून गनिमी लढणारे जे कम्युनिस्ट होते त्यांना व्हिएतकाँग म्हणायचे. दक्षिणेच्या मागे अमेरिका उभी राहिली, आणि १९६८ पर्यंत तिथे अमेरिकेचे पाच लाखांच्या आसपास सैनिक होते.

आता यातली मेख अशी की व्हिएतकाँग म्हणजे समोरून ड्रेस घालून येणारं सैन्य नव्हे. दिवसा भाजी विकणारा रात्री बॉम्ब लावणारा असू शकतो. अशा युद्धात पोलीस हीच आघाडीची फौज होते. आणि त्या पोलिसांचा प्रमुख म्हणजे फोटोतला हा किडकिडीत माणूस, ब्रिगेडियर जनरल न्गुयेन न्गोक लोआन.

फोटोआधीचा लोआन

लोआनचा जन्म डिसेंबर १९३० चा, ह्यूए शहरातला. ह्यूए म्हणजे त्यांची जुनी राजधानी, राजवाडे, देवळं, शिकलेली माणसं. खातंपितं घर, अकरा भावंडं. पठ्ठ्या कॉलेजात औषधनिर्माण शिकत होता, म्हणजे सगळं सुरळीत गेलं असतं तर केमिस्ट झाला असता. पण १९५१ मध्ये तो फौजेत गेला आणि पुढे विमान चालवायला शिकला. वैमानिक म्हणून त्याची दोस्ती जमली न्गुयेन काओ की नावाच्या दुसऱ्या वैमानिकाशी, आणि या एका दोस्तीने त्याचं पुढचं सगळं आयुष्य ठरवलं. फेब्रुवारी १९६५ मध्ये दक्षिणेच्या विमानांनी उत्तरेवर हल्ला केला, नेतृत्व कीचं, आणि लोआनही त्यात होता. त्याच वर्षी जूनमध्ये काओ की पंतप्रधान झाला, आणि त्याने आपल्या भरवशाच्या दोस्ताला आधी लष्करी सुरक्षा खात्याचा प्रमुख केला आणि १९६६ मध्ये वर राष्ट्रीय पोलिसांचा प्रमुखही केला.

हे जरा थांबून बघा. लष्कराच्या आत कोण फुटतोय यावर नजर ठेवणारं खातं त्याच्याकडे, देशातली गुप्तहेरी त्याच्याकडे, आणि रस्त्यावरचा हवालदारही त्याचाच. बहिर्जी नाईक आणि शहर कोतवाल एकाच माणसाला केलं तर जे होईल ते. बातमीही हाच आणणार, पकडणारही हाच, आणि पकडलेला माणूस खरंच दोषी आहे का हे विचारायचं तर तेही ह्यालाच. सायगॉनच्या, म्हणजे दक्षिणेच्या राजधानीतल्या, पोलिसांना त्यांच्या पांढऱ्या शर्ट-टोपीवरून अमेरिकन सैनिक 'पांढरे उंदीर' म्हणायचे, लोक घाबरूनही असायचे आणि तुच्छतेने बघायचेही.

मला विचाराल तर लोआनची खरी ओळख फोटोत नाही, ती १९६६ च्या उन्हाळ्यात आहे. तेव्हा डानांग आणि ह्यूए या शहरांत बौद्ध भिक्षू आणि विद्यार्थी सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले होते, सेनापतींचं राज्य नको, निवडणुका घ्या म्हणून. हे लोक कम्युनिस्ट नव्हते. कीने ते मोडायला लोआनला पाठवलं. डानांगमध्ये स्वतःच्याच देशाच्या दोन फौजा रस्त्यांवर एकमेकींशी लढल्या, पॅगोडांच्या आवारात माणसं मेली, मग लोआन ह्यूएत शिरला, म्हणजे स्वतःच्या जन्मगावात, आणि तेही शहर ताब्यात घेतलं. आंदोलनाचे नेते थिच त्री क्वांग यांना सायगॉनमध्ये नजरकैदेत ठेवलं. चळवळ संपली. फॉरवर्डमध्ये या प्रकरणाचा कधी उल्लेख बघितलाय? मी तरी नाही.

दुसरी बाजूही सांगतो, कारण माणूस एकरंगी नव्हता. लोआन अमेरिकनांचा हुजऱ्या नव्हता. आमच्या देशात आमचा कायदा चालेल, अमेरिकन म्हणून कुणाला वेगळी वागणूक मिळणार नाही, असा त्याचा हेका होता आणि त्यामुळे अमेरिकन अधिकारीही त्याच्यावर खूश नसायचे. स्वतः पुढे जाऊन लढणारा होता, ऑफिसात बसून हुकूम सोडणारा नव्हे.

१ फेब्रुवारी १९६८

टेट म्हणजे व्हिएतनामी नववर्ष. आपली दिवाळी आणि पाडवा एकत्र करा, तसं. सगळे घरी जातात, नवे कपडे, फटाके. युद्धातही टेटला दोन्ही बाजू थांबायच्या, त्या वर्षीही तसंच ठरलं होतं, अर्धे सैनिक रजेवर. आणि ३० आणि ३१ जानेवारीच्या रात्री व्हिएतकाँग आणि उत्तरेच्या मिळून ८०,०००च्या आसपास लोकांनी शंभरावर शहरांवर एकदम हल्ला केला. सायगॉनमध्ये सुरुवातीला गोळ्यांचे आवाज लोकांना फटाक्यांचेच वाटले. अमेरिकन वकिलातीच्या आवारात हल्लेखोर घुसले. याला टेट आक्रमण म्हणतात.

दुसऱ्या दिवशीही सायगॉनच्या चोलोन भागात, म्हणजे चिनी वस्तीत, लढाई चालूच होती. एडी ॲडम्स नावाचा असोसिएटेड प्रेसचा फोटोग्राफर (हा गडी स्वतः अमेरिकन मरीन होता, कोरियात होता) आणि एनबीसी टीव्हीची टीम तिथे होती, कॅमेरामन व्हो सू हा व्हिएतनामीच. जागा होती आन क्वांग पॅगोडाजवळ. योगायोग बघा, १९६६ मध्ये लोआनने जी चळवळ मोडली तिचा सायगॉनमधला अड्डा म्हणजे हाच पॅगोडा.

सैनिक एका माणसाला पकडून आणतात. चौकड्याचा शर्ट, काळी हाफ पँट, हात मागे बांधलेले. नाव न्गुयेन व्हॅन लेम, व्हिएतकाँगमधलं नाव बे लोप. लोआन चालत येतो, हातातलं रिव्हॉल्व्हर हलवून आजूबाजूच्यांना बाजूला व्हा म्हणून खुणावतो. ॲडम्सला वाटलं, नेहमीसारखं धमकावतोय, कैद्याला पिस्तूल दाखवून घाबरवायची पद्धतच होती तिथे. म्हणून त्याने कॅमेरा उचलला. लोआनने हात लांब केला आणि कसलाही प्रश्न न विचारता गोळी झाडली. क्लिक आणि गोळी एकाच क्षणी. लोआन मग ॲडम्सजवळ येऊन यांनी माझी बरीच माणसं मारली आणि तुमचीही, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी फोटो जगभरच्या पेपरांत, आणि व्हो सूची फिल्म अमेरिकेत रात्रीच्या बातम्यांत, सुमारे दोन कोटी लोकांसमोर. १९६९ मध्ये ॲडम्सला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं.

"पण त्याने अख्खं कुटुंब मारलं होतं ना?"

हा मामाचा मुख्य मुद्दा, तर तो नीट घेऊ. त्या टेटमध्ये सायगॉनच्या लष्करी तळावर लेफ्टनंट कर्नल न्गुयेन तुआन, त्यांची बायको, मुलं आणि ऐंशीच्या घरातली आई यांना व्हिएतकाँगने मारलं, हे झालंय. एकच मुलगा वाचला, नऊ वर्षांचा, अंगात तीन गोळ्या. तो पुढे अमेरिकेत गेला, नौदलात गेला आणि २०१९ मध्ये रिअर ॲडमिरल झाला, ह्वान न्गुयेन. ते दुःख खरं आहे, त्यावर शंका घ्यायचं काहीच कारण नाही.

अडचण पुढे आहे. ते लेमनेच केलं का? यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. गोष्टीच्या आवृत्त्याच किती आहेत बघा: एकीत तो या कर्नलच्या कुटुंबाचा मारेकरी, दुसरीत लोआनच्या हाताखालच्या पोलिसाला आणि त्याच्या घरच्यांना मारणारा, तिसरीत पोलीस आणि त्यांच्या नातेवाईकांच्या प्रेतांनी भरलेल्या खड्ड्यापाशी सापडलेला. एकाच माणसाबद्दल तीन वेगळे आरोप फिरतायत, कारण आरोप तपासलाच गेला नाही. तपासायला ज्याला विचारायचं तोच मेला. लेमची बायकोही तेव्हा गरोदर होती, तिच्या बाजूचं ऐकायला तर कुणीच नव्हतं.

आणि मुळात इथे दोन प्रश्न आहेत आणि फॉरवर्डवाले ते शिताफीने एकात गुंडाळतात. पहिला, लेमने गुन्हा केला होता का. दुसरा, लोआनला त्याला तिथेच मारायचा हक्क होता का. पहिल्याचं उत्तर अगदी शंभर टक्के हो धरलं तरी दुसऱ्याचं उत्तर आपोआप हो होत नाही. तुमच्या सोसायटीत रात्री चोर शिरला, सुरा घेऊन अंगावर आला आणि झटापटीत मेला, तर ती एक केस. पण त्याला पकडला, दोरीने जिन्याच्या कठड्याला बांधला, सगळे जमले, आणि मग चेअरमन खाली येऊन त्याला मारून वर गेले, तर ती पूर्ण वेगळी केस, चोर कितीही अट्टल असो.

कायदा काय म्हणतो

युद्धाच्या कायद्यात याला एक शब्द आहे, 'लढाईबाहेर' गेलेला माणूस. जखमी होऊन पडलेला, शरण आलेला किंवा पकडलेला. तो कालपर्यंत काहीही करत असो, एकदा लढाईबाहेर गेला की त्याला मारता येत नाही. आणि खटला न चालवता जागच्या जागी ठार मारणं याला समरी एक्झिक्युशन म्हणतात. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत तिसरं कलम सारखंच आहे, आणि ते खास देशांतर्गत युद्धांसाठी लिहिलंय: रीतसर कोर्टाच्या निकालाशिवाय कुणालाही मृत्युदंड देता येणार नाही.

इथे हुशार लोक म्हणतात, लेम साध्या कपड्यात होता, युनिफॉर्म नव्हता, मग तो युद्धकैदी कसला? मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. साध्या कपड्यात लढणाऱ्याला युद्धकैद्याच्या सगळ्या सवलती मिळतीलच असं नाही. म्हणजे काय, तर त्याच्यावर खुनाचा, हेरगिरीचा खटला भरता येतो, फाशीही होऊ शकते. खटल्याऐवजी गोळी, असा त्याचा अर्थ होत नाही. युनिफॉर्म नसला तर कोणत्या रांगेत उभं करायचं ते बदलतं, रांगच मोडायची परवानगी मिळत नाही. आणि मार्शल लॉ लागला होता ना, हेही ऐकतो. लागला होता. मार्शल लॉमध्ये कोर्टं लष्करी होतात, निकाल झटपट लागतात, अपील जवळजवळ नसतं. पण झटपट कोर्ट वेगळं आणि कोर्टच नसणं वेगळं.

थोडक्यात बहीण बरोबर आहे. कायद्याने बघितलं तर तो खूनच.

"युद्धात असले नियम कोण पाळतं?"

हा खरा प्रामाणिक आक्षेप आहे, आणि याचं उत्तर पुस्तकात नाही, त्याच युद्धात आहे. जून १९६५ मध्ये सायगॉनच्या सरकारने एका व्हिएतकाँगला भर चौकात गोळ्या घातल्या. व्हिएतकाँगने सूड म्हणून त्यांच्या कैदेत असलेला अमेरिकन सार्जंट हॅरोल्ड बेनेट याला मारलं. सप्टेंबरमध्ये डानांगला तीन व्हिएतकाँगना मारल्यावर पुन्हा तेच, कॅप्टन हम्बर्ट व्हर्साचे आणि सार्जंट केनेथ रोराबॅक हे दोन अमेरिकन कैदी मारले गेले. हिशोब असा सरळ चालतो. १९६८ मध्ये उत्तरेकडे पाडलेल्या विमानांचे कितीतरी अमेरिकन वैमानिक कैदेत होते, आणि म्हणूनच अमेरिकन लष्कर सायगॉनच्या मागे लागलं होतं की बाबांनो पकडलेल्यांना कैदी म्हणून वागवा. दया वगैरे नंतर, आधी आपल्या पोरांचा जीव.

आपल्याकडे हा विषय निघाला की गाडी एन्काउंटरवर येतेच, ग्रुपवरही आलीच. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळातल्या एन्काउंटरांवरून जी याचिका झाली तिच्यावर सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये निकाल देताना अशा प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी झालीच पाहिजे म्हणून नियम घालून दिले. आणि दुसरं, तुकाराम ओंबळे. २६/११ च्या रात्री त्यांनी कसाबची बंदूक छातीशी धरून ठेवली आणि स्वतः गोळ्या खाल्ल्या, कसाब जिवंत सापडला. नंतर त्याला तिथेच संपवणं पोलिसांना अवघड नव्हतं. तसं झालं नाही, खटला चालला, कट कुठे शिजला ते जगासमोर पुराव्यानिशी आलं आणि मग २०१२ मध्ये येरवड्यात फाशी. लेमकडून लोआनला काय काय कळलं असतं, त्याच्या हाताखाली किती माणसं, हत्यारं कुठे, पुढचा हल्ला कुठे, ते सगळं त्या एका गोळीत गेलं. स्वतः गुप्तहेर खात्याचा प्रमुख असलेल्या माणसाने हे केलं, हे मला आजही समजत नाही.

"मग फक्त त्याचाच फोटो का?"

इथे मात्र मामाच्या बाजूने बोलायला जागा आहे, आणि भरपूर आहे. लोआनचं गाव ह्यूए त्याच टेटमध्ये व्हिएतकाँग आणि उत्तरेच्या ताब्यात गेलं, तीनेक आठवडे राहिलं. ते याद्या घेऊन घरोघर फिरले. सरकारी नोकर, शिक्षक, धर्मगुरू, परदेशी डॉक्टर उचलले. नंतर शहराच्या आजूबाजूला सामूहिक थडगी सापडत गेली, सुमारे २,८०० मृतदेह, काहींचे हात मागे बांधलेले. अगदी लेमसारखेच. तिथे मारताना कुणी फोटोग्राफर नव्हता, म्हणून जगाच्या डोक्यात ह्यूएचं चित्रच नाही.

क्रिकेटचं उदाहरण घ्या. रनआउटला थर्ड अंपायर एक फ्रेम थांबवतो: बेल्स उडाल्यात, बॅट रेषेबाहेर, आउट. फ्रेम खोटी नाही, निर्णयही बरोबर. पण कॉल कुणी दिला, पलीकडचा धावला का नाही, आधीच्या ओव्हरला काय झालं, यातलं काही त्या फ्रेमला माहीत नसतं. ॲडम्सचा फोटो एका सेकंदाच्या पाचशेव्या भागाचा आहे. तो 'काय झालं' याचा पुरावा म्हणून पक्का आहे. 'हे युद्ध काय होतं' याचा पुरावा म्हणून लोकांनी तो वापरला, तिथे गडबड झाली.

आणि जाता जाता, 'या एका फोटोने युद्ध थांबवलं' हेही वाचायला मिळतं. छे. टेटमध्ये व्हिएतकाँग लष्करीदृष्ट्या हरले, पण आपण जिंकतोय असं वर्षभर सांगणाऱ्या अमेरिकन सरकारची पत गेली, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३१ मार्चला पुन्हा उभा राहणार नाही म्हणून जाहीर केलं. फोटोने त्या नाराजीला चेहरा दिला, एवढंच. अमेरिकन फौजा निघाल्या त्या १९७३ मध्ये, म्हणजे पुढची पाच वर्षं माणसं मरतच होती.

"ॲडम्सनेच तर पश्चात्ताप केला!"

केला. लोआन गेल्यावर त्याने टाइम साप्ताहिकात लिहिलं की जनरलने एका व्हिएतकाँगला मारलं आणि मी माझ्या कॅमेऱ्याने जनरलला मारलं. फोटो अर्धसत्य सांगतात, असंही. त्या दिवशी त्या जागी तुम्ही जनरल असता तर काय केलं असतं, असा प्रश्न त्याने विचारला. फॉरवर्डचा शेवट नेहमी या वाक्यांवर होतो, जणू फिर्यादीनेच केस मागे घेतली.

पण ॲडम्स फिर्यादी कधी नव्हता, साक्षीदार होता. त्याची लोआनशी नंतर ओळख वाढली, त्याला त्या माणसाबद्दल वाईट वाटलं, आपल्या एका क्लिकने कुणाचं आयुष्य धुळीला मिळालं हे ओझं त्याने तीस वर्षं वाहिलं, ते मला खरं वाटतं आणि त्याबद्दल आदरही आहे. साक्षीदाराला वाईट वाटलं म्हणून घटना बदलत नाही. शिवाय आयुष्य धुळीला मिळालेला फोटोतला दुसराही एक माणूस होता, त्याच्याशी ओळख वाढवायची ॲडम्सला संधीच मिळाली नाही.

नंतर काय झालं

तीन महिन्यांनी, ५ मे १९६८ ला, सायगॉनमध्ये हल्ल्याची दुसरी लाट आली. लोआन नेहमीसारखा पुढे, मशीनगनच्या गोळ्यांनी पायाची चाळण झाली. त्याला उचलून सुरक्षित जागी नेणारा माणूस होता एक ऑस्ट्रेलियन वार्ताहर, पॅट बर्जेस, आणि त्याचाही फोटो आहे, तो मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. उपचारासाठी ऑस्ट्रेलियात नेलं तर तिथे एवढा आरडाओरडा झाला की वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी हॉस्पिटलला हलवावं लागलं. पाय गेला. पदही गेलं. राजकारणात तोवर काओ कीचा प्रतिस्पर्धी न्गुयेन व्हॅन थिऊ राष्ट्राध्यक्ष झाला होता आणि काओ की फक्त नावाला उपराष्ट्राध्यक्ष, त्यामुळे कीचा माणूस कुणालाच नको होता. सायगॉनला परतलेला लोआन युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी काम करायचा असं सांगतात. माणूस बदलला का थकला, देव जाणे.

एप्रिल १९७५ मध्ये सायगॉन पडलं. अमेरिकनांकडे त्याने मदत मागितली, मिळाली नाही. शेवटी दक्षिण व्हिएतनामच्याच एका विमानातून कुटुंबाला घेऊन तो निसटला आणि फिरत फिरत अमेरिकेतच पोचला, व्हर्जिनियात.

१९७८ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने त्याचा तिथे राहायचा परवाना रद्द करायची प्रक्रिया सुरू केली, कारण तोच फोटो. ॲडम्सला विरोधात साक्ष द्यायला बोलावलं, तो उलट लोआनच्या बाजूने बोलला. शेवटी राष्ट्राध्यक्ष कार्टर मध्ये पडले आणि त्याला राहू दिलं. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण नीट बघा, या माणसाला रीतसर नोटीस मिळाली, त्याची फाईल झाली, साक्षीदार शोधले गेले, त्याच्या बाजूचं ऐकलं गेलं, दयाही मिळाली. लेमच्या वाट्याला मिनिटभराचा वेळसुद्धा आला नव्हता. मात्र १ फेब्रुवारीच्या गोळीबद्दल लोआनवर कुठल्याच देशात खटला असा कधी चालला नाही, आणि १९६६ च्या डानांग-ह्यूएबद्दल तर कुणी साधं विचारलंही नाही.

वॉशिंग्टनजवळच्या बर्क गावात एका मॉलमध्ये त्याने रेस्टॉरंट काढलं, नाव फ्रेंच, 'तीन खंड' अशा अर्थाचं. पिझ्झा, बर्गर आणि व्हिएतनामी जेवण. एक पाय गमावलेला मालक, बहुतेक गिऱ्हाइकांना तो कोण हे माहीत नव्हतं, एखाद्या शाळकरी पोराला पिझ्झा देताना त्याचा तोच हात पुढे येत असेल. मग ओळख फुटली, गिऱ्हाईक तुटलं, १९९१ मध्ये दुकान बंद. ॲडम्स एकदा तिथे गेला होता तेव्हा संडासाच्या भिंतीवर कुणीतरी शिवी घालून लिहिलेलं त्याने बघितलं: तू कोण आहेस ते आम्हाला माहितीये.

१४ जुलै १९९८ ला लोआन कॅन्सरने गेला, वय ६७. ॲडम्सने फुलं पाठवली आणि सोबत चिठ्ठी, की मला माफ कर, माझे डोळे भरून आलेत.